व्हाइटफील्डचा बर्फ

बंगळुरूत आजवर नोंदलेलं सर्वांत कमी तापमान 7.8 अंश सेल्सियस. तारीख 13 जानेवारी 1884. आपल्याकडे महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठल्याची बातमी बहुतेक हिवाळ्यांत छापून येते, या शहराच्या नशिबी तेवढंही नाही. बर्फ पडण्याचा तर प्रश्नच येत नाही. तरी 2023 च्या डिसेंबरात आमची लेक शाळेतून आली ती ओरडतच, “आई, शनिवारी बर्फ पडणार आहे! एकदा सहाला आणि एकदा आठला!” जवळच्या मॉलची जाहिरात तिने वहीत घडी घालून जपून आणली होती. बर्फाचं वेळापत्रक आधी छापून येतं अशा गावात आपण राहायला आलो आहोत, याची मला तेव्हा नीट कल्पना आली.

त्याच वर्षी जूनमध्ये पुण्यातलं बिऱ्हाड उचलून आम्ही इकडे आलो होतो. नवऱ्याचं ऑफिस आयटीपीएल या टेक पार्कजवळ, म्हणून घर व्हाइटफील्डला. बरोबर सासूबाई. त्या मिरजेच्या. मिरज-कागवाड पट्ट्यातलं कानडी त्यांना लहानपणापासून येतं, त्यामुळे भाषेची अडचण आली ती आम्हा दोघांना, त्यांना नाही. फक्त त्यांचं कानडी इथल्या लोकांना गंमतीचं वाटतं. कामाला येणाऱ्या बाईला त्यांनी पहिल्याच दिवशी “ऊटा आतेन्री?” म्हणून विचारलं, तर ती पदर तोंडाला लावून हसत सुटली आणि तेव्हापासून त्यांना हुबळीच्या अम्मा म्हणू लागली. नातेवाईक फोनवर काळजीने विचारत, परमुलखात करमतं का. सासूबाई ठसक्यात सांगत, “परमुलूख कसला? शहाजीराजांची जहागीर आहे ही.” त्यांचं चुकत नव्हतं. 1638 मध्ये आदिलशाही फौजेने बंगळूर घेतलं ते शहाजीराजांच्या वाट्याला आलं, आणि मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वराच्या देवळात व्यंकोजींच्या काळातला 1669 चा शिलालेख आजही आहे. पण ते जुनं शहर. व्हाइटफील्ड तिथून वीसेक किलोमीटर पूर्वेला, आणि त्याचा मूळपुरुष निराळाच.

डेव्हिड इमॅन्युएल स्टार्केनबर्ग व्हाइट हे त्याचं नाव. म्हैसूर आणि कुर्गमधल्या युरेशियन व अँग्लो-इंडियन लोकांची संघटना त्याने उभी केली. या लोकांची गत मोठी विचित्र होती. आजा गोरा, आजी इथली. साहेब क्लबात घेणार नाही आणि गाव पंक्तीत घेणार नाही. वरच्या नोकऱ्या बंद, मिळायचं ते रेल्वे, तारखातं, कस्टम. व्हाइटच्या मनाने घेतलं, की या माणसांनी दुसऱ्याच्या दारात नोकरी मागण्यापेक्षा स्वतःची जमीन कसावी. म्हैसूरचे महाराज दहावे चामराजेंद्र वडियार यांनी 1882 मध्ये 3,900 एकर जमीन दिली. तिच्यावर दोन वसाहती आखल्या गेल्या, व्हाइटफील्ड आणि सॉसमंड. सॉसमंडचं नाव आज इथल्या रिक्षावाल्यालाही सांगता येणार नाही. व्हाइटफील्ड मात्र टिकलं. जवळून मद्रासची रेल्वे जात होती, त्याचा उपयोग झाला. शेतीत फारसं कुणाचं मन रमलं नाही, पण निवृत्त झालेले रेल्वेवाले, कोलारच्या सोन्याच्या खाणींतली माणसं इथे येऊन कौलारू घरं बांधून राहू लागली. पुढे 1933 मध्ये आजच्या झारखंडात मॅक्लुस्कीगंज वसलं ते याच कल्पनेतून.

म्हणजे 7.8 अंशांच्या त्या रात्री व्हाइटफील्ड जेमतेम दीड-दोन वर्षांचं होतं. त्या थंडीत कुणी ना कुणी खिडकीतून बाहेर पाहून आशेने आकाशाकडे बघितलं असेल, असं मला उगीचच वाटतं. कारण या गावाला बर्फाची ओढ पहिल्यापासून आहे. इंग्लंड ज्यांनी कधी पाहिलं नाही ती माणसं इंग्लंडला घर म्हणत होती, आणि नाताळ आला की त्या न पाहिलेल्या घराचं हवामान इथल्या दिवाणखान्यात आणून मांडत होती.

मूळ गाव आज इनर सर्कल म्हणून ओळखलं जातं. मधोमध मोकळी जागा, भोवती गोल रस्ता, त्या रस्त्याला तोंड करून आखलेले मोठमोठे प्लॉट. आयटीपीएल आलं 1990 च्या दशकात. त्यानंतर त्या प्लॉटांवर इमारती चढत गेल्या. तरी एखाद्या कुंपणाआड उतरत्या छपराचा, पुढे पडवी असलेला जुना बंगला अजून दिसतो. तरुण विन्स्टन चर्चिल इथल्या वेव्हर्ली इनच्या मालकाच्या मुलीसाठी बंगळुरूहून येत असे, अशी दंतकथा हटकून ऐकायला मिळते. तिच्यावर किती विश्वास ठेवायचा हे ज्याचं त्याने ठरवावं. बंगलोर क्लबच्या वहीत त्याच्या नावावर 13 रुपये थकबाकी आहे, एवढं मात्र पक्कं.

आमच्या इमारतीत, आमच्याच मजल्यावर राहणाऱ्या आंटी या इनर सर्कलच्या. वडील कोलारच्या खाणीच्या वर्कशॉपमध्ये होते, निवृत्तीनंतर इथे आले. आंटींची आणि सासूबाईंची मैत्री लिफ्टमध्ये झाली आणि ती सर्वस्वी कानडीत चालते. एकीचं कानडी मिरजेचं, दुसरीचं कँटोन्मेंटचं, मध्ये तमीळ आणि इंग्रजी शिंपडलेलं. दोघी एकमेकींच्या व्याकरणाला हसतात आणि तासन्‌तास बोलतात.

डिसेंबर लागला तसे गॅलऱ्यांमधून कागदी तारे लटकू लागले. आम्हालाही तारा हवा होता. तो ऑनलाइन घरपोच मिळाला असता, पण त्या ऑक्टोबरमध्येच बैयप्पनहळ्ळी ते केआर पुरमचा तुकडा जोडला जाऊन मेट्रोची जांभळी लाइन व्हाइटफील्डहून सलग झाली होती, आणि लेकीला मेट्रोत बसायला निमित्त हवंच होतं. पाऊण तासात एमजी रोड. ब्रिगेड रोडवर वरून दिव्यांच्या माळा, खाली माणसांचा लोट. लाल टोप्या, प्लम केकची खोकी, शिंगं असलेले हेअरबँड. एका दुकानात बिंग क्रॉस्बीचं 1942 चं ‘व्हाइट ख्रिसमस’ लागलेलं. या गाण्याची गंमत मला नेहमी वाटते. आयर्विंग बर्लिनने ते लिहिलं तेव्हा त्याला एक आरंभ होता, आणि त्यात गाणारा माणूस कॅलिफोर्नियात ताडामाडांत, उन्हात उभा आहे. क्रॉस्बीच्या तबकडीत तो भाग नाही, त्यामुळे गाणं बर्फात बसून लिहिलंय असा सगळ्यांचा समज होतो. बर्फाची आठवण येते ती उन्हातल्या माणसालाच. ब्रिगेड रोडवर त्या संध्याकाळी स्वेटर घातलेल्या गर्दीत घाम पुसत आम्ही तारा घेतला, पुठ्ठ्याचा, पाच टोकांचा, आणि परतीच्या गाडीत तो चेपू नये म्हणून नवरा काडुगोडीच्या शेवटच्या स्टेशनापर्यंत दोन्ही हात वर करून उभा राहिला.

नाताळ जवळ आला तशी आंटींनी आम्हाला फराळ करायला बोलावलं. फराळ हा अर्थात आमचा शब्द. त्यांच्या ओट्यावर मैदा, अंडी, नारळाचं दाट दूध, लोणी आणि साखर घालून मळलेला गोळा ओल्या फडक्याखाली झाकून ठेवला होता. कलकल करायचे होते. सुपारीएवढी गोळी घ्यायची, काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबत पसरायची, आणि एका कडेने हलकेच गुंडाळत आणायची. की रेघारेघांचा छोटा शिंपला हातात येतो. आंटींच्या आईकडे यासाठी वेगळा ठेवलेला कोरा कंगवा होता. कलकल म्हणजे आमच्या शंकरपाळ्यांची चुलत बहीण हे सासूबाईंच्या पहिल्या घाण्यातच लक्षात आलं, आणि मग झारा त्यांनी आपल्या ताब्यात घेतला. तळलेले कलकल साखरेच्या पक्क्या पाकात टाकून हलवत राहायचं, साखर सुकून त्यांच्यावर पांढरी बसेपर्यंत. हलवायचं थांबलं की ढेकूळ झालंच.

रोझ कुकीचं प्रकरण याहून नाजूक. लोखंडी फुलाचा साचा, त्याला लांब दांडा. साचा आधी तेलात चांगला तापवायचा, मग पातळ पिठात बुडवायचा, पण पाऊण भागच. पीठ साच्याच्या माथ्यावर चढलं तर फूल सुटत नाही, तेलातच अडकून करपतं. जमलं तर दांडा किंचित हलवला की फूल आपोआप निसटून तरंगू लागतं. मल्याळी लोक यालाच अचप्पम म्हणतात. लेकीची पहिली काही फुलं साच्यातच राहिली, मग एक सुटलं आणि तिने असा आरडाओरडा केला की खालच्या मजल्यावरून फोन आला.

कोपऱ्यात चिनीमातीच्या बरणीत वाइन होती, घरची. आंटी ती बंगलोर ब्लू द्राक्षांचीच करतात. नंदी डोंगराच्या परिसरात, चिक्कबळ्ळापूरकडे पिकणारं हे काळं, जाड सालीचं, बियांचं द्राक्ष. 2013 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. वाइनमध्ये त्याच्या जोडीला साखर, यीस्ट आणि मूठभर गहू. सासूबाईंनी “द्राक्षासव पचनाला चांगलं” असं मला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणून अर्धी वाटी घेतली. नवरा तोंड फिरवून हसला.

शनिवारी, 23 तारखेला, बर्फ पडला. मॉलच्या पुढच्या पटांगणात तीन मजली नकली झाड, त्याच्या भोवती खांबांवर काळी यंत्रं बसवलेली. सहाच्या आधीच गर्दी इतकी, की पोरं बापांच्या खांद्यांवर आणि बापांचे हात मोबाइलसकट हवेत. मराठी, बंगाली, हिंदी, तेलुगू, उडिया, सगळ्या भाषांत “पडला का?” हा एकच प्रश्न. मग उलटी गणती झाली, पंखे घरघरले, आणि वरून पांढरे भुरके उतरायला लागले. दिव्यांच्या झोतात ते खरोखर सुंदर दिसत होते, यात खोटं नाही. लेक दोन्ही हात पसरून गोल फिरत होती. तिने तोंड उघडून जिभेवर एक भुरका झेलला आणि लगेच थुंकला. “शाम्पू!” ती म्हणाली.

नवरा इंजिनिअर. त्याने यंत्राखाली जाऊन पाहून घेतलं. पाणी आणि साबणासारखं द्रावण एका जाळीवर किंवा कापडावर सोडायचं आणि पाठीमागून जोराचा पंखा लावायचा. बुडबुड्यांचे पुंजके तुटून हवेत जातात आणि हळू खाली येतात. पाच-सात मिनिटांत सगळं आटोपलं. लोक फोटो तपासत पांगले. फरशी ओली, निसरडी झालेली. इतका वेळ कडेला वायपर घेऊन उभ्या असलेल्या सफाईच्या बायका पुढे आल्या. सासूबाईंनी त्यातल्या एकीशी बोलायला सुरुवात केली. ती रायचूरकडची निघाली, म्हणजे सासूबाईंच्या कानडीला हसणारी नव्हे. दोन खेळांच्या मध्ये फरशी कोरडी करायची, आठच्या नंतर पुन्हा. “रोज पडतो, अम्मा,” ती म्हणाली, “महिनाभर.” तिच्या दृष्टीने बर्फ ही पुसायची गोष्ट होती.

परतताना कॅब मिळाली ती वर्तूरच्या ड्रायव्हरची. लेक मागे बसून बर्फाचे व्हिडिओ दाखवत होती. तो हसला. म्हणाला, “आमच्या गावात तर हा फुकट पडायचा. तिकीट नाही, टाइम नाही.”

वर्तूर व्हाइटफील्डच्या दक्षिणेला, गाडीने फार लांब नाही. शहराच्या मोठ्या भागाचं सांडपाणी बेळ्ळंदूरच्या तलावात उतरतं, तिथून वर्तूरच्या तलावात, आणि पुढे दक्षिण पिनाकिनी नदीतून तामिळनाडूकडे जातं. या पाण्यात घराघरांतली कपड्यांची आणि भांड्यांची पावडर. तलावाच्या सांडव्यावरून हे पाणी कोसळलं की त्यात हवा घुसळली जाते आणि फेस उठतो. 2015 ते 2017 या वर्षांत, पावसाळ्यात विशेषतः, वर्तूर कोडीच्या चौकात तो फेस माणसाच्या डोक्यावर जाईल इतका साचायचा आणि वारा सुटला की त्याचे पुंजके रस्त्यावर उडायचे. मोटारसायकलवाल्यांना पुढचं दिसत नसे. काचेवर येऊन बसलेला फेस वायपरने पसरतच जायचा, आणि वास असा की खिडकी उघडायची सोय नाही. फेस अडवायला शेवटी कडेने उंच जाळ्या उभ्या केल्या. बेळ्ळंदूरच्या तलावाने तर याच काळात पेटही घेतला. तलावाला आग लागते हे वाक्य लिहितानाही विचित्र वाटतं, पण जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्याचे फोटो छापले. राष्ट्रीय हरित लवादाने ताशेरे ओढले, पुढे दोन्ही तलाव रिकामे करून गाळ उपसायला घेतला. ड्रायव्हर म्हणाला, आता पूर्वीसारखं नाही. पण त्याच्या आईच्या पायाला त्या पाण्याने झालेली खाज अजून उलटते.

लेक थोडा वेळ गप्प होती. मग बापाला विचारलं, “म्हणजे मॉलमधला बर्फ आणि तलावातला बर्फ एकच?”

“साबण, पाणी आणि वारा,” तो म्हणाला. “एकाला मशीन लागतं, दुसऱ्याला शहर.”

दुसऱ्या दिवशी आंटींकडे येशूजन्माचा गोठा मांडायचा होता. मातीच्या लहान मूर्ती, पिढीजात, काहींचे हात चिकटवलेले. प्रत्येक मूर्ती कापसात गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात ठेवलेली. आंटी एकेक सोडवत होत्या आणि निघालेला कापूस लेक गोठ्याच्या छपरावर, भोवतीच्या पुठ्ठ्याच्या डोंगरांवर पसरत होती. बायबलात येशूच्या जन्माच्या गोष्टीत बर्फाचा उल्लेख नाही. मेंढपाळ उघड्यावर रानात आहेत. नाताळला बर्फ चिकटला तो फार उशिरा, आणि त्यात डिकन्सच्या गोष्टींचा आणि इंग्लंडातल्या छापील कार्डांचा मोठा हात. ‘अ ख्रिसमस कॅरल’ आणि पहिलं व्यापारी ख्रिसमस कार्ड दोन्ही 1843 ची. तिथून तो बर्फ बोटीने इथे आला आणि व्हाइटफील्डच्या कपाटांतून कापूस होऊन राहिला.

तेव्हा आंटींनी आपल्या थोरल्या बहिणीची गोष्ट सांगितली. स्वातंत्र्यानंतर अँग्लो-इंडियन घरं एकेक करून उठत गेली. कुणी इंग्लंडला, कुणी ऑस्ट्रेलियाला, कुणी कॅनडाला. इनर सर्कलच्या घरांतून रोज संध्याकाळी पियानो ऐकू यायचा, मग आठवड्यातून एकदा, मग विकलेल्या पियानोंच्या फक्त गोष्टी. लोकसभेत या समाजाच्या नेमलेल्या दोन जागा होत्या, त्याही 2020 च्या जानेवारीत संपल्या. बहीण, तिचा नवरा आणि दोन मुलं 1968 मध्ये कॅनडाला, टोरांटोजवळ गेली. त्या वर्षीच्या नाताळानंतर तिचं लांबलचक पत्र आलं. ते आंटींकडे अजून आहे, त्याच बिस्किटांच्या डब्यात, तळाशी.

त्यांनी ते आम्हाला वाचून दाखवलं नाही, बोटाने ओळींवरून जात कानडीत सांगत गेल्या, आणि सासूबाई माझ्यासाठी मराठीत. ख्रिसमसच्या आदल्या रात्री बर्फ पडला. मुलं वेडी झाली, पायात मोज्यांवर मोजे चढवून पहाटेच बाहेर. बहिणीला वाटलं, जन्मभर ज्याची गाणी म्हटली ते एकदाचं समोर आलं. दुपारपर्यंत आनंद टिकला. व्हाइटफील्डला असते तर दुपारपर्यंत रुमालाने झाकलेली ताटं घरोघर फिरू लागली असती. तिने कलकल केले होते, नारळ मिळाला नाही म्हणून दुधात. ताटं भरून टेबलावर मांडून ठेवली. दाराशी कुणी आलं नाही. पाचच्या सुमारास अंधार झाला. मग तिच्या लक्षात आलं की गोठा मांडायचा राहिलाय. व्हाइटफील्डहून नेलेल्या मूर्ती तिने सोडवल्या, आणि खिडकीबाहेर गुडघाभर बर्फ असताना गोठ्यावर कापूस पसरला. तो कापूस इथूनच मूर्तींबरोबर गेलेला. नवरा म्हणाला, बाहेरचा आणून ठेव की. तिने ऐकलं नाही. खरा बर्फ गोठ्यावर शोभत नाही, असं तिने पत्रात लिहिलं आहे.

सासूबाई अनुवाद करता करता थांबल्या. मिरजेहून पुण्याला आल्या त्या वर्षी दिवाळीत त्यांनीही फराळाची ताटं भरून ठेवली होती म्हणे. सोसायटीत ओळखी व्हायच्या होत्या. हे त्यांनी मला आजवर कधी सांगितलं नव्हतं, आणि आता सांगितलं तेही कानडीत, आंटींना. मला नवऱ्याने नंतर समजावलं, त्याला जेवढं कळलं तेवढं.

नाताळच्या सकाळी आंटींबरोबर आम्ही मेमोरियल चर्चमध्ये गेलो. 1886 चं हे चर्च, आता चर्च ऑफ साउथ इंडियाचं. पहाटेची थंडी पंधरा-सोळा अंशांची, तेवढ्यावर माकडटोप्या निघालेल्या. आत जागा भरल्या होत्या म्हणून बरेच जण बाहेर खुर्च्यांवर. सासूबाईंना चर्चचं नवल नाही. विल्यम वॉनलेसने 1894 मध्ये मिरजेत सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलात त्यांची दोन्ही बाळंतपणं झाली, आणि तिथल्या नाताळात पेटी-तबल्यावर म्हटलेली मराठी भजनं त्यांनी आवारात उभं राहून ऐकलेली. “आमच्याकडे झेंडूच्या माळा असायच्या,” त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, “कापूस नव्हता कुठे.” इथे गाणी इंग्रजी, पुस्तकातली. पण गाणाऱ्यांकडे पाहिलं तर निम्मे चेहरे तमीळ, मल्याळी, ईशान्येकडचे; आयटीपीएलच्या आजूबाजूच्या भाड्याच्या फ्लॅटमधून आलेले. मागच्या रांगेत एक तरुण मुलगा, बहुधा मिझोरम किंवा नागालँडचा, खालच्या पट्टीत इतका सुरेख सूर लावत होता की पुढच्या म्हाताऱ्या बाईने दोनदा वळून पाहिलं. प्रार्थना संपल्यावर तिने त्याला गाठून घरी जेवायला बोलावलं. तो कुणाचा कोण, हे तिने विचारलं ते नंतर.

दुपारी आमच्या मजल्यावर ताटं फिरली. आंटींकडून कलकल, रोझ कुकी आणि केक. बंगाली शेजाऱ्यांकडून पाटिसापटा. आमच्याकडून बेसनाचे लाडू, कारण आलेलं ताट रिकामं परत द्यायचं नाही हा सासूबाईंचा कायदा आहे आणि तो व्हाइटफील्डलाही लागू होतो.

संध्याकाळी साडेसातला आंटींच्या बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळचे नऊ. बहीण आता ऐंशीच्या पुढची, खुर्चीत बसलेली, मागे नातवंडांची वर्दळ. लेकीने पडद्यात तोंड घालून पहिला प्रश्न विचारला, बर्फ पडला का. कॅनडाच्या हवामान खात्याचा नियम कडक आहे: 25 डिसेंबरला सकाळी सात वाजता जमिनीवर किमान दोन सेंटीमीटर बर्फ असेल तरच व्हाइट ख्रिसमस. इंग्लंडात दिवसभरात एक भुरका पडताना दिसला तरी चालतं. त्या वर्षी टोरांटोत कुठलाच नियम लावायची वेळ आली नाही. नातवाने फोन खिडकीशी नेला. बाहेर ओलं, हिरवट-तपकिरी गवत. “इथे कुठे पडतो हल्ली धड,” बहीण म्हणाली. लेकीने ऐटीत सांगितलं, आमच्याकडे महिनाभर रोज दोनदा पडतो.

मग नातवाने फोन गोठ्याकडे वळवला. छपरावर कापूस होता. तोच जुना, थोडा पिवळा पडलेला, की नवा, हे पडद्यावरून कळेना, आणि आंटींनी विचारलंही नाही. त्या दिवशी टोरांटोजवळच्या त्या घरात आणि व्हाइटफील्डच्या आमच्या मजल्यावर बर्फ म्हणून जे काही होतं, ते सारखंच होतं.

सासूबाईंना मात्र दुसरंच काही जाणून घ्यायचं होतं. त्यांनी आंटींना कानडीत ढोसलं, आंटींनी बहिणीला इंग्रजीत विचारलं: यंदा ताट घेऊन कुणी आलं का? बहीण हसली. शेजारी आता पंजाबी कुटुंब आहे, ते काल रात्रीच पिन्न्यांचा डबा देऊन गेलं, पलीकडच्या फिलिपिनो बाईने नारळाचा केक पाठवला, आणि आता घरात ठेवायला जागा नाही.

“मग त्यांचा डबा रिकामा परत देऊ नकोस म्हणावं,” सासूबाई म्हणाल्या, आणि आंटींनी ते जसंच्या तसं टोरांटोला कळवलं.